सरकलेली भिकबाळी

"हळू! आमच्या खापरपणजोबांचा गाल आहे तो," आबासाहेब रणधरे खुर्चीतून अर्धे उठत ओरडले.

"गाल कुणाच्या खापरपणजोबांचा, ते अजून ठरायचंय," शेजारच्या खुर्चीतून दादासाहेब घाटवळे म्हणाले. "पण हळू, हे मात्र बरोबर बोलले."

मिरजेहून आलेल्या मुजावर सरांनी मान वर केली नाही. भैरोबाच्या सभामंडपात, जिथं सकाळचं ऊन पडतं तिथं, ते मांडी घालून बसले होते. समोर पाट, पाटावर पांढरं फडकं आणि फडक्यावर ते चित्र. हातात पातळ पात्याची सुरी आणि खारीच्या शेपटीएवढा मऊ ब्रश.

"मी फक्त मळ काढतो, साहेब," ते म्हणाले. "माणूस काढत नाही. जो असेल तो असेल."

मी खांबाशी फुलांची टोपली घेऊन हार ओवत होते. माझी सुई चालत होती, पण डोळे त्या सुरीवर होते. त्या दोघांना वाटत होतं, चित्रावरचं कुंकू लवकर निघावं. मला वाटत होतं, ते जन्मात निघू नये.

कारण सांगते. आमच्या कासारखोपचे जुने सरकार होते, त्यांचं हे चित्र. कागद असा की पोथीत सहज मावावा. त्यावर सरकार गादीवर बसलेत. हिरवा अंगरखा, पगडीवर सोन्याचा तुरा, डोक्यामागं सोन्याचं वाटोळं तेज, आणि पुढं केलेल्या हातात विडा. समोर कुणीतरी उभं आहे, दोन्ही हातांत शेल्यासारखं काहीतरी पसरून तो विडा घेतंय. गावात पहिला मान कुणाचा, याचा पुरावा म्हणजे एवढंच. रणधरे म्हणायचे तो उभा माणूस आमचा. घाटवळे म्हणायचे आमचा.

दर दसऱ्याला दोन्ही घराणी त्या उभ्या माणसाला गंध लावत. एका साली रणधऱ्यांचं बोट आधी, दुसऱ्या साली घाटवळ्यांचं. आधीच्याचं गंध दिसू नये म्हणून नंतरचा जरा दाबूनच लावी. असं बापाचं, आज्याचं, पणज्याचं बोट त्या कागदावर घासत आलं होतं. पायापासून डोक्यापर्यंत गंध, कुंकू आणि समईची काजळी यांची भाकरीच्या पापुद्र्यासारखी खपली धरली होती. सरकारांचा वंश खुंटलेला. त्यांना गंध लावायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते मात्र कालच बसवल्यासारखे टवटवीत होते.

चित्रात कोण हे ठरत नव्हतं, म्हणून दसऱ्याचा विडाही कुणाला मिळत नव्हता. शिदू गुरव तबक पुढं करी, दोन्हीकडून हात येत, बाचाबाची होई, विडा तसाच सुकून जाई. दुसऱ्या दिवशी शिदूची शेळी तो खाई. गावाची खरी मानकरी म्हटली तर तीच.

आता देवस्थानला भक्तनिवास बांधायचं होतं आणि जागा एकच होती, देवळामागची आमची दोन खोल्यांची. माझी आई आवडाबाई. तिची आई, आजी, सगळ्या भैरोबाच्या जत्रेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या. त्या खोल्यांत त्यांची हयात गेली. माझ्या वेळेपर्यंत नाच संपला होता. मी हार करायची, मंडप झाडायची. आम्हाला काढायचं यावर दोन्ही घराण्यांचं एकमत होतं. त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. पण भक्तनिवासाला नाव कुणाच्या पूर्वजाचं द्यायचं यावर गाडं अडलं होतं आणि त्या अडलेल्या गाड्याखाली आमचं छप्पर सुखानं उभं होतं.

शेवटी दोघांनी भैरोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. चित्र साफ करायचं. चित्रातला माणूस ज्याच्या घराण्यातला निघेल, विडा त्या घरचा आणि नावही त्याचंच. शिदू मला म्हणाला होता, "हौसाक्का, भांडीकुंडी बांधून ठेव. दसरा झाला की पहारी येतील."

तर ती सुरी अशी चालली होती.

"सर, ते सोनं निघून नाही ना येणार कुंकवाबरोबर?" दादासाहेबांनी विचारलं.

"सोनं नाही येत," मुजावर सर म्हणाले. "रंग कागदावर बसलेला असतो. बोट घासलं की उठतो. सोनं बारीक खलून, डिंकात कालवून लावतात आणि वरून अकीक दगडानं घोटतात. ते कागदात मुरतं. रंग गेला तरी ते राहतं."

"म्हणजे रंग गेलाय?"

"शंभर वर्षं बोट घासल्यावर तुमचा तरी राहील का, साहेब?"

आबासाहेब हसले, मग आपण हसायला नको होतं हे ध्यानात येऊन फेटा सारखा करू लागले.

सुरीच्या टोकानं एक मोठी खपली सुटली. सरांनी फुंकर घातली. ब्रश फिरवला. मग चित्र उन्हात तिरकं केलं.

मीही मान लांब केली. चेहरा नव्हता. डोळा नाही, ओठ नाही, मिशी नाही. इतक्या पिढ्यांच्या भक्तीनं चेहरा पार धुऊन नेला होता. नुसता मळकट कोरा कागद. आणि त्या कोऱ्या कागदावर, मधोमध, अधांतरी, एक सोन्याची गोल तार झगझगत होती. तिच्यात मोत्यांचे दोन ठिपके.

दादासाहेब पुढं वाकले. "भिकबाळी! बघा, म्हणत नव्हतो? अस्सल भिकबाळी. आमच्याकडं अजून आहे तसली."

"भिकबाळी आमच्याकडं दोन आहेत," आबासाहेब म्हणाले.

"भिकबाळी कानात असते," सर म्हणाले. "कान इथं आहे. ही त्यातली सोन्याची कुडी."

"मग सरकली असेल."

"चित्रात?"

"का? एवढी वर्षं झाली. माणसाची हाडं सरकतात, भिकबाळीचं काय घेऊन बसलात?"

मुजावर सरांनी खालचा भाग घासायला घेतला. मी हार खाली ठेवला. शिदू गाभाऱ्यातून घंटा पुसत बाहेर आला आणि पुसायचं विसरून तिथंच उभा राहिला. पायांवरची खपली पातळ होती, ती भराभर सुटली. दोन्ही घोट्यांभोवती सोन्याच्या ठिपक्यांच्या रांगा उमटल्या. एकीखाली एक.

"हे काय?" दादासाहेबांनी विचारलं.

"घुंगरू," सर म्हणाले.

"घोड्याचे आहेत," आबासाहेब ताबडतोब म्हणाले. "स्वार होते आमचे. घोड्याच्या पायात बांधायचे पूर्वी."

"घोडा कुठं आहे?"

"पुसला गेला असेल."

"घोडा पुसला गेला आणि पाय राहिले?" सर म्हणाले. "दोनच?"

शिदू जवळ आला. चित्रावर वाकला. जन्मभर त्या चित्रापुढं त्यानं समई लावली होती, त्यामुळं तो मानानंच बोलला. "आबासाहेब, ह्या तर बाई दिसताहेत. भिकबाळी न्हाई, नथ है ती. पावलाला आळता आहे बघा अजून थोडा."

"शेला आहे ना हातात? शेला!" दादासाहेब म्हणाले.

"शेला न्हाई, मालक. पदर है त्यो. गडी हातात विडा घेतो. बाई पदरात घेते. हितं दुसरं कोण घेतं पदरात?"

आबासाहेबांचा चेहरा चित्रातल्या चेहऱ्याइतकाच कोरा झाला होता. पण माणूस हुशार. त्यांनी धोतराचा सोगा झटकला, उठले आणि हात जोडले.

"दादासाहेब, अभिनंदन. तुमच्या खापरपणजोबा सापडल्या."

"आमच्या?" दादासाहेब ताडकन उभे राहिले. "जन्मभर बोंबलत होता, आमचे म्हणून, आमचे म्हणून!"

"चुकलो असू. आम्ही काय, कालपरवाचे. तुमचं घराणं जुनं."

"छे, छे! जुनं तुमचं. माझे वडील कायम म्हणायचे, रणधऱ्यांच्या पुढं आपण कोण!"

"तुमचे वडील? त्यांनी तर आमच्या वडलांवर कोर्टात…"

"मनात आदर होता."

दोन्ही घराण्यांनी एकमेकांची केलेली एवढी तारीफ कासारखोपनं ना आधी ऐकली होती ना नंतर. मुजावर सर खाली मान घालून ब्रश पुसत होते. त्यांचे खांदे हलत होते.

"पण बेलभंडारा उचललाय दोघांनी," शिदू म्हणाला. "चित्रात जे असंल त्याच्या घरात विडा जायला पाहिजे. न्हाई गेला तर भैरोबा इचारंल."

हे मात्र दोघांनाही लागलं. भैरोबाला दोघंही खरंच भ्यायचे. देवळाबाहेर बघितलं, गाभाऱ्याकडं बघितलं, आणि मग दोघांची नजर एकाच वेळी खांबाशी बसलेल्या माझ्यावर येऊन थांबली.

ती नजर मला समजली नाही. मला एवढंच समजलं की आता नाव घाटवळ्यांचंही नाही आणि रणधऱ्यांचंही नाही. मग भांडणच उरलं नाही, तर भक्तनिवासाला अडवणार काय? मी टोपली उचलली आणि घरी पळाले.

दुपारी आई ओसरीवर वाती वळत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नथ किती मोत्यांची?" मी म्हटलं, "आई, आपलं घर जातंय." ती म्हणाली, "घर जाईल तेव्हा जाईल. नथ किती मोत्यांची ते सांग."

तेवढ्यात अंगणात दोन जोडे वाजले.

"या दौल्या," आईनं हाक मारली. आबासाहेबांचं नाव दौलतराव, दादासाहेबांचं विश्वास, पण लहानपणी ते आमच्या अंगणात गोट्या खेळायला येत. "या विश्वास. दोघं एका दारातनं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, आवडाबाई," आबासाहेब म्हणाले. घरात एकच बाज होती. त्यावर दोघं शेजारी शेजारी बसले. बाज करकरली. "चित्र साफ झालं. चित्रातली बाई तुमची आहे."

"कशावरनं?"

"नाचणारी आहे. नथ आहे, घुंगरू आहेत. तुमच्याच घरातली कोण तरी."

"आणि तिला विडा देणारा गादीवर बसलाय, तो कुणाच्या घरातला?"

"सरकारांचा वंश खुंटला."

"बायकोकडनं खुंटला," आई म्हणाली आणि नवी वात वळायला घेतली.

दादासाहेब खोकले. "तुम्ही एवढंच करायचं. शिदूसमोर, भैरोबासमोर सांगायचं, ही बाई आमची म्हणून. आमची शपथ सुटली."

"आणि हे घर?"

"राहील. भक्तनिवास पलीकडं बघू. नाहीतर नाहीच बांधणार."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "हो म्हण, आई."

"थांब गं. नात्याचं बघू दे आधी." आईनं वात खाली ठेवली. "दौल्या, आमच्या घरात आई आमची, आजी आमची, पणजी आमची. बाया तेवढ्या आमच्या. बापे आमच्या घरात कधी जन्मले का? ते बाहेरनंच येत आले. कुणाकुणाच्या घरनं येत आले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ही बाई आमची म्हटली, तर तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, त्यांचे बाप… तुमचं-आमचं भाऊबंदकीचं नातं निघंल बघ."

"तो विषय कशाला?" दादासाहेब म्हणाले.

"ही हौसा बसलीय. हिचा बाप काय भैरोबाच्या डोंगरावरनं आला? नाव सांगू?"

दोघं एकदम उठले. इतके एकदम की रिकामी बाज एका बाजूनं उचलली गेली.

"नाव नको!" आबासाहेब म्हणाले.

"नाव कशाला?" दादासाहेब त्याच दमात म्हणाले, आणि वळताना त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं.

ते नाव मी समज आल्यापासून विचारत होते. आईनं कधी सांगितलं नव्हतं. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं तेव्हा ती मला तशीच परत घेऊन आली, पण नाव सांगितलं नाही. आणि आता ते दोघं, एक कपाळ चोळत आणि एक जोडा उलटा घालत, नाव कानावर पडायच्या आत पळायला बघत होते. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. दोघांनाही आपापल्या वडलांचं नाव निघेल याची भीती होती.

"बरं, म्हणते आमची," आई मागून म्हणाली. "पण विडा मी घेणार. दसऱ्याला. समद्या गावापुढं, पदरात."

"विडा घरी पाठवतो ना."

"घरी शेळीला पाठवा."

ते गेल्यावर मी आईवर चिडले. "घर मिळत होतं. गप घ्यायचं होतं. विड्यापायी आता बिथरले तर? उद्या पहारी घेऊन आले तर तुला कुठं घेऊन जाऊ मी?"

"घर त्यांनी दिलं म्हणतील," आई म्हणाली. "आज दिलं, उद्या काढून घेतील. विडा त्यांचा न्हाई. त्यो सरकारांनी दिलाय. त्यो काढून घेता येत न्हाई."

दसऱ्यापर्यंतचे ते दिवस माझे मला ठाऊक. पहाटे कुठं लोखंड वाजलं तरी मी उठून दार बघत होते. गावात बातमी पसरली होती. रणधऱ्यांची माणसं म्हणत, चित्र खोटं आहे. घाटवळ्यांची माणसं म्हणत, मुजावर सरांनी मुद्दाम नथ रंगवली. सर मिरजेला निघून गेले होते. जाताना मला म्हणाले, "हौसाबाई, हात फार चांगला होता त्या चित्रकाराचा. नथ काढताना त्यानं सरकारांच्या तुऱ्यापेक्षा जास्त सोनं वापरलंय." आईला हे सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा नीट हसली.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं. लोक आपट्याची पानं वाटून देवळात परतले. मंडप भरला. एरवी विड्याच्या वेळी अर्धं गाव पांगायचं. यंदा कुणी हललं नाही. भिंतींवर पोरं चढली होती. शिदूनं तबक आणलं. आई माझा हात धरून गाभाऱ्यासमोर आली. जरीचं एक जुनं लुगडं नेसली होती, कुठून काढलं देव जाणे.

"आवडाबाई, काय म्हणायचं ते म्हणा," आबासाहेब हळूच म्हणाले.

"आधी घराचं."

"घर तुमचंच राहील."

"मोठ्यानं. मला ऐकू कमी येतं." आईला मुंगी चाललेली ऐकू यायची.

"घर तुमचंच राहील!" आबासाहेब ओरडले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या.

"भैरोबा, चित्रातली बाई आमची," आई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

क्षणभर मला वाटलं, विडा कुणी टाकणारच नाही. दादासाहेब आबासाहेबांकडं बघत होते, आबासाहेब छताकडं. शिदू तबक घेऊन एकदा इकडं, एकदा तिकडं वळत होता. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "टाका की! अंधार पडाय लागला." आबासाहेबांनी विडा उचलला आणि पदरात सोडला.

आईनं तो उचलून उजेडात धरला. "सुपारी है?"

"आहे की. अख्खी फोडून घातलीय."

"मला दात न्हाईत," आई म्हणाली, आणि तोंड उघडून गावाला दाखवलं.

लोक हसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आबासाहेबांनाही सुटल्यासारखं झालं. म्हणाले, "मग राहू द्या, घरी घेऊन जा."

"मान घरी नेत न्हाईत. हितं खात्यात. कुटून द्या."

शिदूच्या घरातून खलबत्ता आला. शिदू पुढं झाला, तर आईनं हात आडवा केला. "गुरवानं न्हाई. विडा देणारानं कुटायचा. सरकार असते तर सरकारांनी कुटून दिला असता. आता गावाचे सरकार हे दोघं."

आता मागं हटायला जागा नव्हती. बाहेर पायरीपर्यंत माणसं दाटली होती. आबासाहेबांनी बत्ता घेतला. एका हातानं खल घसरत होता, म्हणून त्यांनी डोळ्यांनी दादासाहेबांना खुणावलं. दादासाहेब खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी खल धरला. आणि भैरोबाच्या मंडपात, दोन्ही फेट्यांची टोकं एकमेकांना लागतील इतकं जवळ बसून, एक रणधरे आणि एक घाटवळे माझ्या आईचा विडा कुटू लागले.

"बारीक," आई वरून म्हणाली. "सुपारी टोचाय नको."

बत्ता बराच वेळ वाजत राहिला. हसणं केव्हाच थांबलं होतं. आईनं चिमटीनं विडा तोंडात टाकला, हिरड्यांत घोळवला, आणि मान हलवली. "चुना जरा जास्त झाला," म्हणाली.

भक्तनिवास झालंच नाही. नाव कुणाचं द्यायचं, हे पुन्हा ठरेना. चित्र शिदूनं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. त्याला आता गंध लावायला कुणी मागत नाही, त्यामुळं जेवढं उरलंय तेवढं राहील. आमच्या दोन खोल्या आहेत तिथंच आहेत. मी त्यातच म्हातारी झाले.

त्या संध्याकाळी आम्ही देवळातून घरी आलो. अंगणात आल्यावर मला राहवलं नाही.

"आई, आता तरी सांग. दोघांपैकी कुणाच्या घरातला माझा बाप?"

आईनं तुळशीपलीकडं लाल पिंक टाकली. पदरानं तोंड पुसलं.

"तुला कोण भाऊ हवाय त्यातला? बत्तेवाला की खलवाला?"

मी दोघांनाही डोळ्यांपुढं आणून बघितलं.

"कुणीच नको."

"मग झालं तर," आई म्हणाली. "चल, दिवा लाव."